साहेब यायच्या आधी लिंपलेल्या भिंती

बाई गेली ती घराच्या भिंतीखाली. हे वाक्य आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे ते कुठे घालावं याचा विचार करत बसावं लागणार नाही. गेले चार दिवस त्या विचारातच गेले.

थोरल्या बहिणीला आमच्याकडे बाईच म्हणतात. आई-वडील लवकर गेले. तिने मला वाढवलं, वाशीमला ठेवून शिकवलं. मी मास्तर झालो आणि फिरत फिरत तिच्या सासरच्याच गावी बदलून आलो, तोवर ती विधवा झाली होती. गाव जऊळक्याच्या स्टेशनापासून दोन कोसांवर. मी तिच्याकडेच राहू लागलो. मी वाचत बसे आणि ती सूप घेऊन दारात बसे. आमचं बोलणं फार नसे. मला बोलण्यापेक्षा लिहिणं सोपं जातं, तिला त्याचं हसू येई. म्हणे, "तुह्या तोंडात दौत ठेवाले पाह्यजे, मंग बोलशीन."

एका वैशाखात भर दुपारी कुणाच्या तरी चुलीची ठिणगी कुडाला लागली आणि खालची आळी बघता बघता जळाली. माणसं वाचली, घरं गेली, त्यात बाईचंही. सरकारने मनावर घेतलं, हे खरं ते सांगितलं पाहिजे. तहसीलदार स्वतः आले, जळक्या जागेवरून फिरले. आता कूड आणि गवत नको, असा हुकूम झाला. नाल्याच्या पलीकडे नऊ जणांना जागा आखून मिळाल्या, जंगलातून लाकूड मिळालं, आणि पक्क्या विटाही सरकारनेच दिल्या. वीट ठेकेदाराची होती. वाहतूक वाचावी म्हणून त्याने नाल्याच्या काठावरच भट्टी लावली आणि काठाचीच काळी माती खणून विटा पाडल्या. आम्ही सगळे रोज जाऊन ती भट्टी पाहत असू. भाजलेली लाल वीट आपल्या घराला लागणार, याचं त्या गावात कौतुक होतं.

पावसाळ्याच्या तोंडावर घरं उभी राहिली. आमच्या शेजारचं घर बाईच्या चुलत जावेचं. दोघींचं भांडण आणि प्रेम एकाच ताटात असे. जाऊ पहिल्याच दिवशी दारात येऊन म्हणाली, "बंगलेवाली झाली वं बाप्पा तू. आता आमाले वळखशीन ना?"

"तुह्यं काय कुडाचं हाये का वं? एकाच भट्टीच्या हावोत आपन दोघी. तू जरा जास्त भाजली, एवढंच."

जाऊ रंगाने काळी होती. ती इतकी हसली की तिला ओट्यावर बसावं लागलं.

बाईला घराबद्दल एकच तक्रार होती. सरकारी ओव्हरसियर बांधकामावर असताना सांगून गेला होता की, ही पक्की वीट आहे, हिला मातीने लिंपायचं नाही, लिंपाल तर शोभा जाईल. जन्मभर दर सणाला भिंती लिंपून पांढऱ्या मातीने पोतारणाऱ्या बाईला हे चमत्कारिक वाटे. पोळा आला, दसरा आला, दिवाळी आली, आणि तिला भिंतीला हात लावता येईना. ती फक्त जमीन सारवी आणि भिंतीकडे बघत बसे. म्हणे, "तोंड न धुता सन करून राह्यलो आपन."

पण त्याआधी श्रावणातच विटा फुटू लागल्या होत्या.

आधी विटांवर हरबऱ्याएवढे पांढरे ठिपके दिसले. मग प्रत्येक ठिपक्याभोवतीचा पापुद्रा सुटून पडू लागला. सकाळी उठावं तर भिंतीच्या कडेने लाल भुग्याची रांग. दिवाळीपर्यंत मागच्या भिंतीला, म्हणजे चुलीच्या बाजूच्या भिंतीला, माझं बोट जाईल अशी भेग गेली. नऊही घरांचं तेच. ओळीतली माणसं म्हणू लागली की जागा वाईट आहे, नाल्याकाठी काहीतरी आहे, नारळ फोडला पाहिजे. नारळ फोडलाही.

गावात एक मुसलमान मिस्त्री होते. म्हातारे होते, आयुष्यभर विहिरी आणि मशिदी बांधलेले. मी एक फुटकी वीट घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी ती नखाने कोरली, आतला पांढरा खडा काढून जिभेला लावला आणि थुंकला.

"मास्तर, ये ईट नव्हे. हे तं पानाचं सामान हाये."

"म्हणजे?"

"काठाच्या मातीत चुनखडीचे खडे. ते चाळले नाही. ईट भाजली तं तेही भाजले. झाला कळीचा चुना. आता पानी लागलं का फुलते. तुमी पान खाता का?"

"नाही."

"म्हनून नाही समजलं."

त्यांनी घमेल्यात पाणी घेऊन एक धडधाकट दिसणारी वीट त्यात बुडवली आणि मला दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी घमेल्यात वीट नव्हती. लाल-पांढरा गाळ होता आणि त्यात तीन-चार तुकडे.

त्या संध्याकाळी मी पहिला अर्ज लिहिला. माझं अक्षर चांगलं होतं आणि मला त्याचा अभिमान होता. विटांतला दोष, मिस्त्रींची परीक्षा, भेगांची रुंदी, सगळं क्रमवार लिहिलं. नऊ जणांचे अंगठे घेतले. उत्तर आलं ते महिन्याने: विटा मंजूर भट्टीच्या आहेत, रहिवाशांना पक्क्या घरात राहण्याची सवय नसल्याने ते भिंतीच्या पायाशी सांडपाणी टाकतात, ते बंद करावे. मी ते चावडीत वाचून दाखवलं. पाटील म्हणाले, "म्हंजे आपनच घराले मुतून राह्यलो, असं म्हनतेत का?" सगळे हसले. मी दुसरा अर्ज लिहिला.

दुसऱ्या अर्जाला बरं उत्तर आलं. माघातल्या एका सोमवारी अकोल्याहून इंजिनियर साहेब स्वतः पाहणीला येतील. जी घरं त्यांना धोक्याची वाटतील त्यांची यादी होईल, यादीतली घरं सरकार उतरवील आणि दगड देऊन पुन्हा बांधील. तोवर कुणी भिंतीत कसलाही फेरफार करू नये, केल्यास त्या घराचा विचार होणार नाही.

हे पत्रही मी चावडीत वाचलं. सावकाश, दोनदा वाचलं. यादीत येणं म्हणजे काय ते समजावून सांगितलं. चावडीत पुरुष होते. बायका चावडीत येत नसत. पुरुष घरी गेले आणि आपापल्या घरात एवढंच बोलले की, सोमवारी मोठा साहेब आपलं घर पाहायला येणार आहे. मी बाईला काय सांगितलं? मला आठवतं, मी पुस्तकातून मान वर न करता म्हणालो, "सोमवारी साहेब येतोय." ती म्हणाली, "आपल्या घरात?" मी म्हणालो, "हो, घरातच." एवढंच. बाकीचं कागदात होतं, आणि मी समजत होतो की कागदात आहे म्हणजे सगळ्यांना कळलं.

शनिवारी मला शाळेच्या कामाने वाशीमला जावं लागलं. सोमवारी सकाळच्या गाडीने परतलो. जऊळक्याला उतरून चालत आलो. नाला ओलांडला आणि थांबलो.

नऊही घरं पांढरी होती.

ओळीतल्या बायकांनी दोन दिवस मातीचा गारा कालवला होता, त्यात कुटार, म्हणजे धान्याचा भुसा, घातलं होतं, आणि आतून-बाहेरून सगळ्या भिंती लिंपून काढल्या होत्या. एकही भेग दिसत नव्हती. वरून पांढऱ्या मातीचा पोतारा. दारात रांगोळ्या. चुलत जावेने दाराच्या दोन्ही बाजूंना गेरूचे मोर काढले होते. पाटलांनी बायकांना काम करताना पाहिलं होतं. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "फेरफार कुठं होय ते? तोंड धुनं होय ते, मास्तर." त्यांना खरंच तसं वाटत होतं. भिंतीतून वीट काढली असती तर त्यांनी आरडाओरडा केला असता. लिंपणं हे त्यांच्या मते भिंतीला काही करणंच नव्हतं.

बाई दारात उभी होती. हात कोपरापर्यंत पांढरे.

"हे काय केलं बाई?"

"काय केलं म्हंजे?"

"साहेब भेगा बघायला येणार होता! भेगा! त्या दिसल्या तरच तो..."

"भेगा पाहाले?" तिला ते पहिल्यांदाच कळत होतं, हे मला तिच्या तोंडावरून दिसलं. मग ती सावरली. "मंग काय झालं. घरात मानूस येनार, आन् त्याले फुटक्या भिंती दाखवू? त्या बुवाले बसा कुठं म्हनू मी? पापुद्रे पडतेत डोक्यावर."

"तू आम्हाला बुडवलंस," मी म्हणालो. आणखीही बोललो. मूर्ख म्हणालो. जिने मला हाताला धरून शाळेत नेलं तिला मी, तिच्याच पैशाने शिकलेला, अडाणी म्हणालो. ती हात धुवायला मागे गेली.

मी खुरपं घेऊन मागच्या भिंतीचा लेप खरवडू लागलो. ओला लेप निघत होता, पण भेगेतही गारा घट्ट भरला होता. बाईचं काम नेहमीच चोख. मी खरवडत असतानाच साहेबांची बैलांची दमणी आल्याची हाक आली.

इंजिनियर साहेब तरुण होते. माणूस वाईट नव्हता, हे मला आजही म्हणावं लागतं. प्रत्येक घरात गेले. काठीने भिंती ठोकून पाहिल्या. ओल्या मातीवर काठी सारखीच वाजत होती. आमच्या घरी मी त्यांना खरवडलेली जागा दाखवली.

"ही जागा कुणी उकरली?"

"मी. आत्ताच. आत भेग आहे साहेब, ती दाखवायला."

"उकरल्यावर कुठल्याही भिंतीला खड्डा दिसेलच, मास्तर."

मिस्त्री काठी टेकत आले होते. त्यांनी घमेल्यातल्या विटेची गोष्ट सांगितली. साहेबांनी ऐकून घेतली. म्हणाले, "एक वीट बुडवली म्हणून घर बुडत नाही. भिंत पाडून आत बघायचा हुकूम मला नाही. मला जे डोळ्यांना दिसतं ते मी लिहिणार."

मग बाई आतून चहा आणि गूळ घालून केलेल्या दशम्या घेऊन आली. साहेब मागच्या भिंतीला पाठ लावून पाटावर बसले. त्यांनी आनंदाने खाल्लं. चारी बाजूंना पाहून म्हणाले, "घर फार छान ठेवलंय तुम्ही. असं स्वच्छ घर मी दौऱ्यावर पाहिलं नाही."

बाईचा चेहरा त्या क्षणी कसा झाला, ते मला लिहिता येणार नाही. सकाळी मी जे बोललो होतो ते सगळं त्या एका वाक्याने पुसलं गेलं असावं. तिने पदर सावरला आणि म्हणाली, "पुन्हा येजा सायेब."

यादीत एकही घर आलं नाही.

ओल्या लेपाचं पाणी विटांत उतरलं होतं. पावसाने बाहेरून जेवढं केलं नव्हतं तेवढं लेपाने दोन्ही अंगांनी केलं. चार-पाच दिवसांनी मिस्त्री घरी आले, मागच्या भिंतीला कान लावून उभे राहिले आणि मला खुणेने बोलावलं. मीही कान लावला. आत काहीतरी बारीक तडकत होतं, तव्यावर जवस फुटावी तसं.

"ह्या घरात राहू नका मास्तर. अल्ला के वास्ते."

मी बाईला म्हणालो, शाळेच्या खोलीत जाऊ. मी पुष्कळ म्हणालो. ती ऐकेना.

"सायेब काय म्हनाला? घर चांगलं हाये म्हनाला. तू काय सायेबापेक्षा शिकला?"

"तो चुकला. त्याला दिसलं नाही."

"काहून नाही दिसलं?"

तूच झाकलंस म्हणून, हे पुन्हा तिला म्हणणं माझ्याने होईना. सोमवारी म्हणालो होतो तेवढं पुरे होतं. ती म्हणाली, "अन् घर सोडून गेलो, तं सगळी ओळ म्हनन, हिनंच बुडवलं आन् हीच पयाली." म्हणजे तिला सगळं कळलं होतं. साहेबाचं वाक्य तिने फक्त पुढे धरलं होतं.

मी तिसरा अर्ज लिहिला. त्यात लिहिलं की भिंती लिंपल्या त्या दोष लपवायला नव्हे, पाहुणा येणार म्हणून. आमच्या बायकांची ती रीत आहे. कृपा करून पुन्हा या, अगोदर न कळवता या. हा अर्ज मी स्वतः जऊळक्याला जाऊन टपालात टाकला. रोज पाटलांकडे विचारत असे. सकाळी शाळेत जाताना मी तिला चूल पुढच्या दारात मांडायला सांगे. ती हो म्हणे. मी गेलो की मागेच मांडी.

फाल्गुनात, दुपारी, तिसरीचा वर्ग पाढे म्हणत असताना आवाज आला. मोठा नव्हता. भरलेलं पोतं गाडीतून ढकलावं तसा. आभाळात ढगही नव्हता.

मी धावत गेलो. मागची भिंत आत पडली होती. चुलत जाऊ आधीच हातांनी विटा उपसत होती. विटा आमच्या हातांत येत आणि चुरत. धड उचलताही येत नव्हत्या. बाई चुलीजवळ आडवी होती. डोळ्यांत चुना गेलेला. कुणीतरी पाणी ओतू लागलं, तर मिस्त्री ओरडले, "तेल! पानी नको, तेल घाला!" जावेने तेलाने तिचे डोळे पुसले. बाईने माझं मनगट धरलं होतं. दमणी जुंपून आम्ही तिला स्टेशनाकडे न्यायला निघालो. अर्ध्या वाटेवर तिच्या बोटांची पकड सुटली.

सरकार तिसऱ्या दिवशी आलं. तेच साहेब, बरोबर तहसिलीचा कारकून. साहेब उन्हात उभे राहून त्या ढिगाकडे पाहत राहिले. एक वीट उचलली, मुठीत दाबली, मूठ उघडली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमचा अर्ज पोचला होता. या आठवड्यात निघणार होतो."

आठही घरं आजच रिकामी करावी आणि पाडावी, दगड सरकार देईल, असं त्यांनी लिहून आणलं होतं. फक्त आधी मृत्यूच्या चौकशीचा कागद पुरा व्हायला हवा होता, कारण पाडण्याचा हुकूम त्यावरच उभा होता. त्यावर मयताचा जवळचा नातेवाईक आणि अर्जदार म्हणून माझी सही पाहिजे होती. दोन्ही मीच.

साहेबांनी तो चिंचेखाली वाचून दाखवला. ओळीतली सगळी माणसं जमली होती, या वेळी बायकाही. विटांत दोष होता, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. पुढचं वाक्य असं होतं: पाहणीपूर्वी मयत स्त्रीने स्वहस्ते भिंती लिंपून दोष झाकल्यामुळे तो निदर्शनास आला नाही.

"तिनं एकलीनंच?" चुलत जाऊ पुढे आली. "आमी सगळ्यांनी लिंपलं. मोर म्या काढले. माह्यं नाव कायले नाही तुमच्या कागदात?"

"बाई, हा कागद मृत्यूचा आहे. जी गेली तिच्याबद्दल आहे."

"मंग ते वाक्य काढा."

साहेब घाम पुसत म्हणाले, "काढता येईल. पण मग वर विचारतील, आधी तुम्ही घरं ठीक आहेत असं कसं लिहिलं? कागद परत येईल. नव्याने चौकशी. तोवर घरं पाडता येणार नाहीत, दगडही मिळणार नाही." मग हळूच म्हणाले, "मी माझ्यासाठी म्हणत नाही, मास्तर. थोडं माझ्यासाठीही आहे. पण जास्त यांच्यासाठी."

मी ओळीकडे पाहिलं. आठ पांढरी घरं. जावेच्या दारातल्या मोराच्या गळ्यापासून खाली एक नवी भेग गेली होती. ओट्यावर तिची नात बाहुलीशी खेळत होती, भिंतीला टेकून.

जावेनेही तिकडे पाहिलं. मग ती वळली आणि रागाने, मलाच रागावल्यासारखी म्हणाली, "कर सही. कर लवकर. पोट्टी भिंतीले टेकून राह्यली."

वाक्य खोटं नव्हतं. मी ते तिला सोमवारी दारात उभं करून तोंडावर म्हणालो होतो. तेच आता सरकारी शाईत होतं आणि खाली माझं सुंदर अक्षर मागत होतं. मी सही केली. दुसरी सही अर्जदाराची, तीही केली. कारकुनाने वाळू टाकून शाई टिपली.

दुपारभर लोक घरांतून सामान बाहेर काढत होते. मडकी, कणग्या, पाळणे, देव. जाऊ डोक्यावर जातं घेऊन चालली होती, ती माझ्यापाशी थांबली.

"भाऊ, बाईच्या घरातलं काय काय काढू?"

मी आत गेलो. दारामागचं तिचं सूप उचलून बाहेर आणलं.